वाच गं बाय

मामा कुवेतहून सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेत अत्तराच्या बाटल्या होत्या, आईसाठी जॉर्जेटची साडी होती आणि तीन व्हिडिओ कॅसेट होत्या. तिन्ही हिंदी सिनेमे. पहिली लावली आणि अमिताभनं तोंड उघडलं, तशी त्याच्या पायाशी अरबी अक्षरं उमटली. ठिपक्यांची, वेलांट्यांची, उजवीकडून डावीकडे जाणारी पांढरी ओळ. आम्हाला वाटलं, टीव्हीचं काहीतरी बिघडलं. बाबांनी उठून एकेक बटण फिरवून पाहिलं. रंग पूर्ण उतरवला तर अमिताभ काळापांढरा झाला, अक्षरं जशीच्या तशी. उजेड कमी केला तर सगळी खोली अंधारली आणि अक्षरंच तेवढी लखलखली. मामा म्हणाला, "ती जाणार नाहीत. तिकडच्या लोकांसाठी कॅसेटमध्येच घातलेली आहेत." मग आम्ही त्यांच्यासकट सिनेमा पाहिला. पुढं कितीतरी वर्षं तो सिनेमा आठवला की ती अरबी ओळही आठवायची, आणि एकदा थेटरात तो लागला तेव्हा पडद्याचा तळ उघडा-बोडका वाटला.

आमचं माहुल गाव चेंबूरच्या पलीकडं, खाडीला टेकलेलं. एका बाजूला कोळीवाडा, होड्या, वाळत घातलेला जवळा, ओहोटीला उघडा पडणारा चिखल. दुसऱ्या बाजूला तेलाच्या टाक्या. इथल्या दोन्ही रिफायनऱ्या १९५४-५५च्या सुमारास सुरू झाल्या, तेव्हा त्यांची नावं स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल अशी होती. आजोबांनी खाडीत जाळं टाकलं, बाबा सायकलवरून रिफायनरीत जायला लागले. रिफायनरीच्या उंच चिमणीवरची ज्योत रात्रंदिवस जळायची आणि तिचा तांबूस उजेड आमच्या खिडकीतून थेट टीव्हीच्या काचेवर यायचा. सिनेमा लावायचा म्हणजे आधी आजी खिडकीवर गोधडी टांगायची.

१९८२ साली दिल्लीत एशियाड झालं, टीव्ही रंगीत झाला, आणि त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत चेंबूरला व्हीसीआर भाड्यानं मिळू लागले. वर्गणी काढायची, रात्रीपुरता व्हीसीआर आणि तीन कॅसेट आणायच्या. दुकानातला पोरगा रिक्षातून मशीन मांडीवर घेऊन यायचा, वायरी जोडायचा, चित्रावर पांढऱ्या रेघा आल्या तर कोरी नोट हेडवरून फिरवून द्यायचा. घरात, पडवीत, दारात माणसं बसायची. पहाटे तिसरा सिनेमा संपेपर्यंत मासळी आणायला धक्क्यावर जाणाऱ्या बायका निघालेल्या असायच्या. हे तुमच्याही घरी झालं असेल. तेव्हा मुंबईत ज्यांचं बालपण गेलं त्यांच्यात अशी एक रात्र नसलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

तीन कॅसेटपैकी एक कुंग-फूची असायचीच. हाँगकाँगचे सिनेमे. त्यांच्या तळाशी दोन मजली अक्षरं असत, वर चिनी आणि खाली इंग्रजी. सिनेमा मुळात रुंद पडद्यासाठी काढलेला, कॅसेटवर आणताना त्याच्या दोन्ही कडा कापलेल्या. त्यामुळं वाक्याचा पहिला शब्द डावीकडं नाहीसा, शेवटचा उजवीकडं नाहीसा, मधलं तेवढं उरलेलं. मारामारीला अक्षरांची गरज नव्हती. पण मारामारीच्या आधी म्हातारा गुरू शिष्याला काहीतरी सांगायचा, पाच मिनिटं सांगायचा, आणि तिथं आजी विचारायची, "काय बोलतंय गं तो?"

विचारायची ती ताईला. ताई चेंबूरच्या इंग्रजी शाळेत होती. आमच्या घरात इंग्रजी शिकलेलं पहिलं माणूस अकरा वर्षांचं होतं, आणि ते टीव्हीच्या अगदी जवळ, पाटावर बसायचं. आजीचा आवाज मागून यायचा, "वाच गं बाय."

ताई वाचायची म्हणजे इंग्रजी मोठ्यानं म्हणायची नाही. मनात वाचायची आणि मराठीत सांगायची. सुरुवातीला ती सगळं सांगू पाहायची, आणि तिचं वाक्य संपेपर्यंत पडद्यावरच्या दोन ओळी निघून गेलेल्या असायच्या. एका रात्रीत तिला कळलं की काय सोडायचं हे आधी ठरवायला हवं. नाव सोड, "हे बघ" सोड, एकच गोष्ट दोनदा आली तर एकदाच सांग. पुढं मोठेपणी मी वाचलं की उपशीर्षकं करणाऱ्यांचा हिशेबही असाच असतो. जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं, भरलेल्या दोन ओळी वाचायला साधारण सहा सेकंद. माणूस त्या सहा सेकंदांत कितीही बोलला तरी जागा तेवढीच. त्यांनी आधीच गाळून ठेवलेलं ताई आणखी गाळायची. तरीही गुरूनं शिष्याला काय सांगितलं ते माहुलच्या पडवीपर्यंत पोचायचं. शिष्य हरला की आजी हळहळायची, ती त्या पोहोचलेल्या एका वाक्यामुळं.

अशी एक ताई किंवा एक दादा त्या काळात किती घरांत होता! शाळेत इंग्रजीला जेमतेम गुण, पण घरात तोच वाचणारा. गिरगावातल्या चाळीत होता, डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये होता. अक्षरं पुसता येत नव्हती, ती परक्या भाषेत होती, आणि खोलीत दहा-पंधरा माणसं होती. त्यातून ही जागा आपोआप तयार झाली होती.

ताईला खरी मेहनत पडायची ती रविवारी दुपारी. जेवणं झाली की दूरदर्शनवर प्रादेशिक चित्रपट लागायचा, तळाला इंग्रजी अक्षरं घेऊन. कन्नड, आसामी, मल्याळी, बंगाली. आमच्याच देशातले सिनेमे, पण घराला ते हाँगकाँगइतकेच दूरचे. मल्याळी सिनेमा असला की बाबांच्या खात्यातल्या मित्राच्या बायकोला आई मुद्दाम बोलावून घ्यायची. त्या काकू पडद्याकडं न पाहता ऐकायच्या, मग ताईचं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "एवढंच लिहिलंय? तो तर केवढं बोलला." मग मागं राहिलेलं त्या मोडक्यातोडक्या मराठीत भरून काढायच्या. चित्राचा आवाज, ताईचा आवाज, काकूंचा आवाज. त्या दुपारी मला पहिल्यांदा जाणवलं की तळाची ओळ म्हणजे सगळं बोलणं नव्हे. तिच्या मागं पुष्कळ काही उभं असतं आणि ते आपल्याला दिसत नाही.

'पथेर पांचाली' आम्ही असाच पाहिला. १९५५चा सिनेमा, काळापांढरा. त्यातली म्हातारी इंदिर ठाकरुण विधवेच्या पांढऱ्या वस्त्रात, आणि अक्षरंही पांढरी. ती समोर येऊन बसली की तिच्या वस्त्रावर ओळ विरघळून जायची. ताई डोळे ताणायची, काचेला नाक लावायची. पुढं कासफुलांच्या रानात भावंडं धावतात तिथंही पांढऱ्यावर पांढरं. ताई रडवेली होऊन म्हणाली, "दिसतच नाही गं आजी." आजी म्हणाली, "म्हातारीला घरात कोणी विचारीत नाही, एवढंच ना? कळलं मला."

ती अक्षरं पांढरीच का असत, याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं. सिनेमाच्या फितीवर चित्र धरून ठेवणारा एक पातळ थर असतो. उपशीर्षकं उमटवायची म्हणजे त्या थरावर अक्षराच्या आकाराची जागा रसायनानं खायची, आणि १९८०नंतरच्या दशकात लेझर आल्यावर लेझरनं जाळायची. थर गेला की तिथून प्रोजेक्टरचा प्रकाश आरपार जातो आणि पडद्यावर पांढरं अक्षर दिसतं. म्हणजे ते अक्षर चित्रावर ठेवलेलं नसतं, चित्र खरवडून काढलेलं असतं. अशा फितीवरून कॅसेट बनली की तो ओरखडा कॅसेटमध्येही कायमचा. बाबा बटणं फिरवत होते ते एका जखमेवर. हे कळल्यापासून मला कायमच्या उपशीर्षकांबद्दल एकाच वेळी माया आणि दुःख वाटत आलं आहे. आमच्यासाठी म्हणून कोणाचं तरी चित्र कापलं गेलं होतं.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, १९६८ साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचे सभासद होते. परदेशी सिनेमा म्हणजे मारामारी नव्हे, हे घराला पटवणं त्यांनी मनावर घेतलं होतं. एका दिवाळीत ते 'बायसिकल थीव्हज'ची कॅसेट घेऊन आले. १९४८चा इटालियन सिनेमा. १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला तेव्हा तो दाखवला होता आणि त्यानं इथल्या मोठमोठ्या दिग्दर्शकांची झोप उडवली होती, असं आतोबा सांगत. कॅसेट कितव्यांदा नकल केलेली होती कोण जाणे, चित्र धुरकट होतं. रस्त्यांवर भक्क ऊन, त्यावर पांढरी अक्षरं. ताईला तीन ओळींतली एक दिसत होती.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचं काम मिळालेला बाप, कामासाठी सायकल हवीच, पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते, आणि बाप-लेक सगळं रोम पालथं घालतात. अर्ध्यावर आजीनं ताईच्या पाठीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. कळतंय." त्यानंतर खोलीत कोणी बोललं नाही. शेवटी बाप स्वतःच एक सायकल चोरू पाहतो, पकडला जातो, मार खातो, आणि पोरगा त्याचा हात हातात घेतो. सिनेमा संपला, दिवा लागला. बाबा उठले, बाहेर गेले आणि पडवीला टेकवलेली आपली सायकल उचलून आत घेऊन आले. त्या रात्री ती आमच्या अंथरुणांच्या उशाशी उभी होती.

सीडीचा जमाना आला तो दोन चकत्यांत. एका व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आतबाहेर सिनेमा मावायचा, मग ऐन रंगात उठून दुसरी घालायची. परदेशी सिनेमाची काही व्हीसीडी डाव्या आणि उजव्या कानात वेगवेगळी भाषा देत असत, आणि बटणानं त्यातली एक निवडता येई. आवाजात निवड होती. अक्षरांत मात्र अजूनही नव्हती, ती चित्रातच मुरलेली आणि आता चौकटी-चौकटींनी फुटलेली. मोझर बेअर कंपनीनं २००७ साली २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली, तेव्हा चेंबूर स्टेशनबाहेरच्या गाड्यांवर त्यांचे ढीग लागले. आमच्याकडं तोवर डीव्हीडी प्लेअर आला होता, ताईच्या पगारातून.

त्याच्या रिमोटवर 'सबटायटल' नावाचं बटण होतं. डीव्हीडीत अक्षरं चित्रापासून वेगळी ठेवलेली असतात, काचेवर लिहून चित्रासमोर धरावीत तशी. हवी तर धरा, नको तर काढून घ्या. एका चकतीवर अशा ३२ भाषांना जागा असते. ताईनं आतोबांना आवडेल म्हणून पुन्हा 'बायसिकल थीव्हज' आणला. यावेळी चित्र स्वच्छ, अक्षरं काळ्या कडेची, उन्हातही दिसणारी. थोडा वेळ पाहून आजीच म्हणाली, "गोष्ट ठावी आहे मला. ती अक्षरं काढ." ताईनं बटण दाबलं.

आणि पडद्याचा तळ मोकळा झाला. तिथं त्या पोराचे पाय होते. बाप लांब ढांगा टाकत निघालेला, आणि त्याच्या बरोबरीनं राहायला पोरगा मधूनच दुडकत, मधूनच धावत. दिग्दर्शक डी सिकानं त्या मुलाला निवडलं तेच त्याच्या चालण्याकडं पाहून, हे आतोबांनी आम्हाला तेव्हा सांगितलं. वीस वर्षांपूर्वी आमची नजर पुनःपुन्हा त्या पायांवरून सरकून अक्षरांवर गेली होती. ताई काही बोलली नाही. रिमोट हातात धरून ती पाटावरून उठली आणि मागं येऊन आजीजवळ बसली. टीव्हीच्या काचेपासून इतक्या दूर बसून सिनेमा पाहताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो.

निवडीची अक्षरं चांगली की कायमची, असं कोणी विचारलं तर मी निवडीच्या बाजूनं आहे आणि ठामपणे आहे. चित्र हे चित्र काढणाऱ्याचं आहे, त्याच्यावर ओरखडा नको. पण त्याच रात्रीची दुसरी गोष्टही सांगायला हवी. बटण दाबताना भाषांची यादी पडद्यावर आली होती. आजीनं विचारलं, "मराठी कुठं आहे यात?" ताईनं यादी वरून खाली नेली, खालून वर आणली. पुढं आमच्या हाती कितीतरी चकत्या आल्या. कुणावर इंग्रजी, कुणावर चिनी, थाई, कोरियन, कधी हिंदी. बत्तीस जागा होत्या आणि आमच्या हाती आलेल्या एकाही चकतीवर त्यातली एक मराठीची नव्हती. मग आजीसाठी ती निवड कसली? इंग्रजी लावा किंवा काहीच लावू नका. शिवाय आता खोलीत पंधरा माणसं नव्हती. ज्याला इंग्रजी येतं तो आपल्यापुरतं लावून एकटा पाहू शकत होता, आणि त्याला कोणासाठी वाचायची गरज उरली नव्हती. मराठी परदेशी सिनेमापर्यंत पोचली ती पाटावरच्या पोरांच्या तोंडून. ती पोरं मोठी झाल्यावर त्यांच्या जागी छापील ओळ यायला हवी होती आणि ती आली नाही, ही माझी आजही तक्रार आहे.

उलटं मात्र झालं. २००४ साली 'श्वास' आला, भारताकडून ऑस्करला गेला, आणि त्यानंतरच्या वर्षांत मराठी सिनेमा महोत्सवांमधून हिंडू लागला. मराठी डीव्हीडींवर इंग्रजी उपशीर्षकं दिसू लागली. ताईची मुलगी मुलुंडला वाढली, घरात मराठी बोलते, पण गावाकडची बोली आली की थबकते. ती मराठी सिनेमा इंग्रजी ओळ लावून पाहते. एकदा मला विचारलं तिनं, "मामा, यात अंकल अंकल चाललंय, तो नक्की कोण? काका की मामा?" जाऊ, नणंद, वहिनी, मेहुणी, भावजय, सगळ्यांची सिस्टर-इन-लॉ झालेली. कोण कुणाशी कसं वागतंय याचं अर्धं उत्तर ज्या शब्दात असतं तोच शब्द दोन ओळींत मावत नाही. तिला मी नाती समजावून सांगितली, काकू तेव्हा समजावत तशी.

काकांबद्दल सांगायचं राहिलं. माझे सख्खे धाकटे काका एका कारखान्यात कॉम्प्रेसरच्या खोलीत कामाला होते. कानात घालायला काही मिळालं नाही, आणि चाळिशीच्या आत दोन्ही कान गेले. व्हिडिओच्या रात्री ते ताईच्या शेजारी, तिच्याकडं तोंड करून बसायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. ताई मागं वळून सांगायची तेव्हा ते तिच्या ओठांकडं पाहायचे, मग पडद्याकडं, मग पुन्हा ओठांकडं. हिंदी आणि मराठी सिनेमाला तर खाली अक्षरंच नसत. तिथं ते फक्त चेहरे पाहायचे. रोजचा पेपर जाहिरातींसकट वाचणारा माणूस! अमेरिकेत १९८०पासून टीव्हीच्या लहरींमध्ये अशी लपलेली अक्षरं पाठवली जात होती, वेगळी पेटी जोडली की ऐकू न येणाऱ्यांना ती दिसायची. निवडीची अक्षरं तिथं घराघरात शिरली ती काकांसारख्यांसाठी. काकांपर्यंत मात्र ती कधी आली नाहीत.

आली ती वेगळ्याच वाटेनं. पुढं अहमदाबादच्या आयआयएममध्ये रुजू झालेले ब्रिज कोठारी अमेरिकेत शिकत असताना एक स्पॅनिश सिनेमा पाहत होते, तळाला इंग्रजी अक्षरं होती. ते स्पॅनिश शिकत होते, आणि त्यांच्या मनात आलं की अक्षरं स्पॅनिशच असती तर भाषा लवकर आली असती. तिथून पुढचा विचार असा की आपल्याकडं कोट्यवधी माणसं हिंदी गाणी पाहतात, त्यांच्या खाली त्याच गाण्याचे शब्द लिहिले तर अर्धवट वाचता येणारे लोक वाचू लागतील. २०००नंतर दूरदर्शनच्या 'चित्रहार' आणि 'रंगोली'त गाण्यांखाली देवनागरी शब्द येऊ लागले. गायिका ज्या शब्दावर आहे तो शब्द रंग बदलायचा.

ते केलं होतं वाचायला शिकणाऱ्यांसाठी. एका रविवारी सकाळी काका चहा घेत टीव्हीसमोर बसले होते, ते केवळ सवयीनं. जुनं गाणं लागलं, त्यांच्या ऐकू येत असतानाच्या काळातलं. खाली शब्द आले. काकांनी कप खाली ठेवला. रंग एकेका शब्दावरून पुढं सरकू लागला आणि त्या रंगाच्या चालीनं काका गाऊ लागले. सूर कुठल्या कुठं होता, पण शब्द बरोबर त्या जागी पडत होता, कारण कुठं थांबायचं आणि कुठं ओढायचं ते त्यांना दिसत होतं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ताई माहेरपणाला आली होती. ती सवयीनं त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली, तोंड त्यांच्याकडं करून, ओठ हलवायला.

काकांनी तिला हातानंच बाजूला केलं. "सरक जरा बाय," ते म्हणाले. "मी वाचतोय."